लग्नाच्या फोटोतली न जन्मलेली मुलगी

१९२६ सालचा एक फोटो आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका स्टुडिओत काढलेला. नवरा सुटाबुटात, नवरी पांढऱ्या वेडिंग गाऊनमध्ये. शेजारी फायरप्लेस, खोटीच. आणि त्या दोघांच्या पुढ्यात बाहुली घेतलेली एक छोटी मुलगी, जिच्या आरपार दिसतंय.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं की प्रिंट खराब झाली असावी, किंवा दोन फोटो चुकून एकमेकांवर छापले गेले असावेत. मग कळलं की चूक वगैरे काही नाही. ती मुलगी मुद्दाम तिथे आणली आहे. लग्न आज झालंय आणि ही त्यांची उद्या होणारी लेक. फोटोचं नावच ‘फ्युचर एक्स्पेक्टेशन्स’ असं आहे, म्हणजे उद्याची आस. फोटोशॉप यायला अजून साठहून जास्त वर्षं होती आणि एआय तर सोडूनच द्या. हे सगळं एका माणसाने अंधाऱ्या खोलीत, काचा आणि कागद हाताळत केलं होतं. त्याचं नाव जेम्स व्हॅन डर झी.

फोटोग्राफीच्या जगात हे नाव आज खूप मोठं आहे. पण हा माणूस ब्याऐंशीच्या आसपास पोचेपर्यंत त्याच्या वस्तीबाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. वस्तीत मात्र सगळे ओळखायचे, कारण अर्ध्या वस्तीच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढलेले. (अर्ध्या हे मी माझ्या पदरचं म्हणतेय, पण फार चुकणार नाही!)

जेम्सचा जन्म २९ जून १८८६चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स नावाच्या टुमदार गावातला. न्यूयॉर्कची श्रीमंत मंडळी तिथे उन्हाळा काढायला यायची. जेम्सचे आईवडील त्याआधी न्यूयॉर्कला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या घरी कामाला होते, आई मोलकरीण आणि वडील बटलर. गावात कृष्णवर्णीय कुटुंबं अगदी मोजकी. घरात गाणंबजावणं भरपूर. जेम्स पियानो शिकला, व्हायोलिन शिकला आणि त्याला व्हायचं होतं ते वादकच.

कॅमेरा आला तो जवळपास योगायोगाने. साल १९००च्या आसपास, जेम्स चौदाएक वर्षांचा. सुगंधी पावडरीच्या पुड्या विकून दाखवल्या तर बक्षीस म्हणून कॅमेरा मिळेल अशी एक स्कीम होती. पोराने पुड्या विकल्या आणि कॅमेरा घरी आला. आता अशा स्कीममध्ये येणाऱ्या वस्तूंचं जे होतं तेच झालं. त्या कॅमेऱ्यातून धड फोटो काही निघेना. पण तोवर नाद लागलेला. मग पैसे साठवून त्याने दुसरा, बरा कॅमेरा घेतला आणि घरच्यांचे, शाळासोबत्यांचे, गावकऱ्यांचे फोटो काढायला लागला. डेव्हलपिंगही स्वतःच शिकला.

१९०६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. वेटर, लिफ्टमन, मिळेल ते काम केलं. १९०७ मध्ये केट ब्राऊनशी लग्न झालं, काही महिने दोघं व्हर्जिनियात राहिली, तिथे मुलगी झाली, रेचल. परत न्यूयॉर्कला आल्यावर मुलगा झाला, एमिल. तो जेमतेम वर्षाचा असताना न्यूमोनियाने गेला. पुढच्या काही वर्षांत संसारही मोडला आणि रेचल आईकडे गेली. हे सगळं मी भराभर सांगतेय, पण त्या आरपार दिसणाऱ्या मुलीकडे परत जाऊ तेव्हा हे लक्षात असू द्या.

वाद्यवृंदात वाजवणं सुरू होतं, पण त्यावर पोट भरत नव्हतं. १९१५ मध्ये शेजारच्या न्यूआर्क शहरात एका मोठ्या दुकानातल्या फोटो स्टुडिओत डार्करूम असिस्टंटची नोकरी मिळाली. काम अंधारातलं, फोटो काढायचे मालकाने. मालकाचा खाक्या असा की गिऱ्हाइकाला बसवायचं, क्लिक करायचं, पुढचा. मालक बाहेर गेला की मात्र व्हॅन डर झी कॅमेऱ्यामागे उभे राहायचे आणि वेळ घ्यायचे. मान जरा इकडे, हात तिथे, खांदा थोडा खाली. लोक त्यांचंच नाव काढून यायला लागले. असिस्टंट मालकापेक्षा चांगलं काम करतो हे लोकांना कळलं की काय करायचं असतं, ते त्यांनी केलं. १९१६च्या सुमारास हार्लेममध्ये वेस्ट १३५व्या रस्त्यावर स्वतःचा स्टुडिओ टाकला, ‘गॅरंटी फोटो स्टुडिओ’. सोबत होत्या गेनेला ग्रीनली, त्यांची दुसरी बायको आणि धंद्यातली भागीदार.

वेळही अचूक साधली होती. अमेरिकेच्या दक्षिण भागातून जातीयवादासारख्याच छळाला आणि गरिबीला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय लोक त्या काळात उत्तरेकडे येत होते. कॅरिबियन बेटांवरूनही येत होते. त्यातले कितीतरी हार्लेममध्ये उतरले. कुणी आचारी, कुणी हमाल, कुणी लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. या माणसांची चित्रं तेव्हाच्या अमेरिकेतल्या जाहिरातींत आणि पोस्टकार्डांवर यायची ती विदूषकासारखी. जाड ओठ, बटाट्यासारखे डोळे, हसण्यावारी नेलेली. स्वतःचा, स्वतःला आवडेल असा फोटो असणं ही त्यांच्यासाठी साधी हौस नव्हती. गावाकडे मागे राहिलेल्या आईला कळायला हवं होतं की पोरगा नीट आहे, त्याचं लग्न झालंय, सून अशी अशी दिसते.

हार्लेममध्ये मोठी लग्नंही व्हायची. ९ एप्रिल १९२८ला विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची मुलगी योलांड हिचं कवी काउंटी कलेन यांच्याशी चर्चमध्ये लग्न लागलं तेव्हा तब्बल सोळा करवल्या होत्या आणि आत-बाहेर हजारो माणसं. (दोन वर्षांत घटस्फोट झाला. असो.) असा थाट पेपरात छापून यायचा. गॅरंटी स्टुडिओचं दुकान चालायचं ते मात्र रोजच्या गिऱ्हाइकांवर. कुणी अख्खं वऱ्हाड घेऊन यायचं, फुलं उधळणाऱ्या चिमुरड्या, करवल्या, टोप्या सावरणारे काका. कुणाकडे फक्त ती दोघं असायची, बाकी नातेवाईक हजार मैलांवर.

या दोन प्रकारच्या लग्नांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले तर एक गोष्ट जाणवते. मोठ्या ग्रुपचा फोटो काढणं ही खरं तर हमाली होती. अवजड कॅमेरा, तिकाटणं, दिवे, आणि वीसेक माणसांना हलू न देणं. एक पोर हललं की तिचा चेहरा पुसट. व्हॅन डर झी ते काम वादकाच्या शिस्तीने करायचे. उंच माणसं कुठे, पोरं कुठे, नवरीच्या झग्याचा घोळ कसा पसरायचा, सगळं ठरलेलं. पण दोघांचंच लग्न असलं की ते जास्त मेहनत घेत असावेत असं मला त्यांचे फोटो बघून वाटतं. कारण तिथे माणसांची गर्दी नाही, म्हणजे लग्नाचं वातावरण फोटोग्राफरनेच तयार करायला हवं. मग रंगवलेला पडदा लागतो, बागेचा नाहीतर महालाचा. कोरीव खुर्ची येते, गालिचा येतो, फुलदाणी येते. भाड्याच्या एका खोलीत राहणारं जोडपं फोटोत एका प्रशस्त दिवाणखान्यात उभं असतं. आणि मूडही वेगवेगळे. सगळ्याच नवऱ्या हसत नाहीत. काही जोडपी एकमेकांकडे न बघता सरळ कॅमेऱ्याकडे बघतात, जरा घाबरल्यासारखी, जरा ताठ. व्हॅन डर झींनी त्यांना बळेच हसवलेलं नाही.

चेहऱ्यांवर मात्र त्यांनी हात फिरवलाय. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने आणि टोकदार हत्याराने काम करून ते सुरकुत्या घालवायचे, वाकडे दात सरळ करायचे, विरळ केस दाट करायचे. नवरीच्या अंगावर दागिना कमी वाटला तर निगेटिव्हवरच कोरून टाकायचे! अंगठी, हार, काय हवं ते. आज आपण रीलवर फिल्टर लावतो आणि लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो खोटं आहे, दुसरा म्हणतो चालतं. व्हॅन डर झींचा हिशोब सोपा होता. माणूस फोटोत जसा आहे त्यापेक्षा चांगला दिसला पाहिजे. फोटो तयार झाला की त्यावर सही आणि बऱ्याचदा सालही घालायचे. चित्रकार घालतो तसं. या सवयीमुळेच आज इतक्या फोटोंची वर्षं कळतात.

आता ती मुलगी. तंत्र असं होतं, जोडप्याचा फोटो एका निगेटिव्हवर, मुलीचा दुसऱ्या. आधी पहिली निगेटिव्ह कागदावर छापायची. मग मुलीची निगेटिव्ह, बाकीचा भाग झाकून, कमी उजेडात त्याच कागदावर. उजेड कमी पडला म्हणून ती पुसट येते, आरपार दिसते. अंदाज एका क्षणाने चुकला तर कागद वाया. सोपं काम नव्हतं, आणि आमच्या डार्करूमच्या प्रॅक्टिकलमध्ये साधी एक प्रिंट काढताना मी किती कागद वाया घालवलेत ते मी इथे सांगणार नाही.

हेच तंत्र ते आणखी एका कामासाठी वापरायचे. हार्लेममधल्या अंत्यविधींचे फोटोही व्हॅन डर झीच काढायचे. मेलेल्या बाळाला मांडीवर घेतलेले आईवडील, फुलांनी भरलेली शवपेटी, आणि वर हवेत तरंगणारे देवदूत, किंवा गेलेल्या माणसाचा जिवंतपणीचा हसरा चेहरा. तेव्हा अशा फोटोंचा रिवाज होता, गावाकडच्या ज्या नातेवाइकांना येता यायचं नाही त्यांना ते पाठवले जायचे. अनेक वर्षांनी, १९७८ मध्ये, या फोटोंचं ‘द हार्लेम बुक ऑफ द डेड’ हे पुस्तक आलं. त्याची प्रस्तावना टोनी मॉरिसन यांची आहे, आणि त्यातल्याच एका मुलीच्या फोटोवरून पुढे त्यांना ‘जॅझ’ ही कादंबरी सुचली.

१९२७ मध्ये रेचल गेली. पेरिटोनायटिस, म्हणजे पोटातला संसर्ग. वय वीसही नव्हतं. ‘उद्याची आस’ काढली त्याच्या पुढच्याच वर्षी. आपल्या लेकीच्या अंत्यविधीचा फोटोही व्हॅन डर झींनी काढला. ज्याची दोन्ही मुलं गेली तो माणूस त्यानंतरही स्टुडिओ उघडत राहिला आणि लोकांच्या लग्नांचे फोटो काढत राहिला. १९२६च्या फोटोचा अर्थ १९२७ वरून लावणं बरोबर नाही हे मला कळतं. फोटो काढताना त्यांना पुढचं माहीत नव्हतं. तरी एकदा हे कळल्यावर ती बाहुलीवाली मुलगी पहिल्यासारखी दिसत नाही.

नामवंतही स्टुडिओत आले. १९२४ मध्ये मार्कस गार्वी यांनी आपल्या चळवळीचे अधिकृत छायाचित्रकार म्हणून त्यांना नेमलं. मोर्चे, गणवेशातली माणसं, गार्वी स्वतः, हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. नर्तक बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन आहेत. १९३२चा रॅकूनच्या फरकोटातल्या जोडप्याचा, चकचकीत कॅडिलॅक गाडीसोबतचा फोटो तर पोस्टरवर बघितलाही असेल तुम्ही.

आणि इथेच एक आक्षेप आहे, जो मला बाजूला टाकता येत नाही. १९३२ म्हणजे महामंदीचं साल. हार्लेममध्ये बेकारी भयंकर होती, १९३५ मध्ये तिथे दंगल झाली. व्हॅन डर झींच्या फोटोंत ती भूक कुठेच दिसत नाही. दिसतो तो फरकोट आणि कॅडिलॅक. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ (मास कॉमवाल्यांनो, हो, तोच, पेपरात हमखास येणारा) यांनी १९८०च्या ‘कॅमेरा लुसिडा’त व्हॅन डर झींच्या १९२६च्याच एका कौटुंबिक फोटोबद्दल लिहिलंय. त्यांना त्यात गोऱ्यांसारखं दिसण्याची धडपड दिसली. त्या फोटोतली माणसं खुद्द व्हॅन डर झींच्याच नात्यातली होती. बार्थ तिच्या गळ्यात सोन्याची साखळी आहे असं आठवून लिहून गेले. फोटोत बघितलं तर मोती आहेत.

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला शिकवतात की आहे ते दाखवा. त्या मापाने व्हॅन डर झी नापास. पण लग्नाचा फोटो ही बातमी नसते. पैसे मोजून फोटो काढून घेणाऱ्या मोलकरणीला तिची गरिबी तिच्याच भिंतीवर टांगायची नव्हती, ती तिला रोज दिसतच होती. गोऱ्यांची नक्कल हा आरोपही मला अर्धाच पटतो. चांगला कोट घालून ताठ उभं राहणं ही कुणा एका रंगाची मालमत्ता कधीपासून झाली? तरीही, हार्लेमच्या भुकेचा फोटो दुसऱ्या कुणीतरी काढला म्हणून ती आपल्याला माहीत आहे, आणि तोही काढणारा कुणीतरी लागतोच. दोन्ही खरं आहे. मला अजून नीट मिटवता आलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर धंदा बसायला लागला. कारण साधं, प्रत्येकाकडे छोटा कॅमेरा आला. लग्नात कुणी मामा-काका स्वतःच क्लिक क्लिक करायला लागला की स्टुडिओत कोण जाणार? स्टुडिओ एव्हाना लेनॉक्स अव्हेन्यूवर आला होता (जन्म लेनॉक्स गावात, दुकान लेनॉक्स रस्त्यावर!). पासपोर्ट फोटो आणि पोस्टाने येणारे जुने फाटके फोटो दुरुस्त करणं, यावर कसंबसं चालायचं.

मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर प्रदर्शन करायचं ठरवलं. त्यासाठी जुने फोटो शोधत फिरणारे रेजिनाल्ड मॅकगी १९६७ मध्ये या दुकानात शिरले आणि विसाव्या-तिसाव्या दशकातलं काही आहे का असं विचारलं. आत हजारोंनी निगेटिव्ह होत्या. जवळजवळ सगळ्या वस्तीचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास, खोक्यांमध्ये. जानेवारी १९६९ मध्ये ‘हार्लेम ऑन माय माइंड’ उघडलं. बाहेर निदर्शनं झाली, कारण हार्लेमवरच्या प्रदर्शनात तिथल्या चित्रकार-शिल्पकारांना जागाच नव्हती, आणि ती तक्रार रास्त होती. आत मात्र सर्वात जास्त फोटो होते व्हॅन डर झींचे. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा रातोरात प्रसिद्ध झाला.

आणि त्याच वर्षी त्यांना राहत्या घरातून बाहेर काढलं. थकलेले हप्ते, जप्ती, सामान रस्त्यावर. शहरातल्या सर्वात मोठ्या म्युझियमच्या भिंतीवर ज्याचे फोटो होते त्याला डोक्यावर छप्पर नव्हतं. गेनेलाबाई त्या धक्क्यातून सावरल्या नाहीत, १९७६ मध्ये त्या गेल्या. व्हॅन डर झी एका छोट्या खोलीत, सरकारी मदतीवर जगत होते. फोटोंचे हक्क त्यांनी आपल्याच नावाने निघालेल्या एका संस्थेला देऊन टाकले होते, तिथून ते एका म्युझियमकडे गेले. ते परत मिळावेत म्हणून १९८१ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षाच्या आसपास, ते कोर्टात गेले. तडजोड झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. फ्रीलान्स शूट करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, सही करण्याआधी कागद वाचा, एवढंच इथे म्हणते.

मध्ये एक लग्न झालं, त्यांचं स्वतःचं. १९७८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, डोना मसेंडन यांच्याशी. त्या त्यांच्यापेक्षा साठएक वर्षांनी लहान. डोनांनी घर आवरलं, कागदपत्रं आवरली आणि त्यांना परत कॅमेऱ्यामागे उभं केलं. मग पुन्हा तीच जुनी पद्धत. कोरीव खुर्ची, मागे पडदा, मान जरा इकडे. मोहम्मद अली येऊन बसले. अभिनेत्री सिसिली टायसन आल्या. १९८२ मध्ये एकविशीतला चित्रकार जाँ-मिशेल बास्किया मांडीवर मांजर घेऊन बसला.

मे १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाची मानद डॉक्टरेट घ्यायला ते वॉशिंग्टनला गेले होते. तिथेच १५ मे रोजी त्यांचं निधन झालं. शहाण्णव वर्षांचे होते.

२०२१ मध्ये त्यांचा सगळा संग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमने मिळून घेतला. सुमारे वीस हजार प्रिंट आणि तीस हजार निगेटिव्ह, शिवाय स्टुडिओतलं सामान. त्यात लग्नांचे फोटो ढिगाने आहेत. बऱ्याच फोटोंखाली नवरा-नवरीचं नाव नाही. कोपऱ्यात फोटोग्राफरची सही आहे, साल आहे, आणि शीर्षक म्हणून नुसतंच ‘वेडिंग डे, हार्लेम’.